फाटक हिरवं होतं

कस्तुरी: नाही बाबा, हा पार्ट प्रोग्रॅममध्ये नव्हता. मी दोन्ही फाइल्स साइड बाय साइड लावल्यात. रेडिओवर गेला तो अठ्ठावन्न मिनिट. तुमच्या शेडमधल्या डिस्कवर एकोणसाठ मिनिट चाळीस सेकंद.

दीनानाथ: असतं थोडं इकडेतिकडे. खोकला, पाणी पिणं. फर्गसला शेवटची दोन-तीन वर्षं दम लागायचा. तेवढंच मी कापायचो.

कस्तुरी: हे खोकला नाहीये. अंकल फर्गस बोलतोय. नॉनस्टॉप.

श्यामला: काय बोलतोय? ते कानातलं काढ आणि आम्हाला ऐकव.

दीनानाथ: श्यामला, तू पोळ्या कर. कस्तुरी, पुढे जा. उद्याचा प्रोग्रॅम सहा वाजता रेडिओ स्टेशनवर नेऊन द्यायचाय. मला त्या डिस्कवरचं फक्त शेवटचं गाणं हवंय.

श्यामला: पोळ्या झाल्या. मंगळवारी माणसाला पुरून आलो आपण. मी त्या पावसात दोन तास उभी होते. त्याचं बोलणं ऐकायचा मला हक्क नाही का?

कस्तुरी: आई, स्पीकर काम नाही करत ह्या लॅपटॉपची. ऑफिसनं असलीच दिलीय. मी ऐकते आणि सांगते, ओके? तो म्हणतो... थांब. "मित्रांनो, आता ते गाणं. हाफ-पेन्टेड गेट. तुम्हाला सगळ्यांना वाटतं की ही गाणं मी नाइन्टीन सिक्स्टी-नाइनमध्ये लिहिलो..."

श्यामला: गाणं ती नाही, ते.

कस्तुरी: ते. "पण..." बाबा, इथे तो खूप वेळ गप्प आहे. मग म्हणतो, "पण मी..." हे ॲक्सेन्ट मला...

दीनानाथ: "पण मी ते लिहिलं नाही. ब्रायडी गिलरॉयनं लिहिलं. मी गायचो त्या डान्स हॉलमध्ये ती लोकांचे कोट सांभाळायची. कोटांच्या तिकिटांच्या पाठीवर तिनं कडवी लिहिली आणि मला गुणगुणून दाखवली. मी गिटार जुळवली आणि खाली माझं नाव टाकलं. फाटकसुद्धा निळं नव्हतं. यमकासाठी मी निळं केलं. फाटक हिरवं होतं, आणि ते तिच्या बापाचं होतं, माझ्या बापाचं नव्हे. ब्रायडी, तू ऐकत असशील तर मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण ऐक."

कस्तुरी: बाबा. तुम्हाला हे बाय हार्ट आहे.

दीनानाथ: हो.

श्यामला: कोणती ब्रायडी गिलरॉय?

दीनानाथ: तुला माहीत आहे कोणती.

श्यामला: मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

दीनानाथ: तुमच्या होममधली. वरच्या मजल्यावरची.

कस्तुरी: वेट. आईच्या केअर होममधली? जी टीव्हीला शिव्या देते ती?

श्यामला: टीव्हीला नाही. रेडिओला. कस्तुरी, गॅस बंद कर.

कस्तुरी: आई, पाणी देऊ?

श्यामला: काही नको. चौदा वर्षं मी त्या होममध्ये म्हाताऱ्यांची अंगं पुसतेय. ब्रायडी आली त्याला चार वर्षं झाली. कंबरेचं हाड मोडलं होतं तिचं, डोकं नव्हतं मोडलं. पहिल्या आठवड्यातच मला म्हणाली, शॅमी, ते फाटकाचं गाणं आहे ना, ते माझं आहे. मी इंग्लंडच्या बोटीला निघाले तेव्हा माझा बाप फाटक रंगवत होता. वरचा अर्धा भाग झाला होता. मला निरोप द्यायला त्यानं ब्रश खाली ठेवला, तो परत उचललाच नाही. बाप मरेपर्यंत खालचं अर्धं फाटक तसंच उघडं लाकूड राहिलं. गाण्यात निळं म्हणतात ते खोटं, शॅमी, हिरवं होतं. हे मी घरी येऊन कुणाला सांगितलं? ह्याच टेबलावर?

दीनानाथ: मला.

श्यामला: आणि तुम्ही काय म्हणालात?

दीनानाथ: तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, श्यामला. देवाशपथ. फर्गसनं ते दोन वर्षांनी सांगितलं, ह्या रेकॉर्डिंगच्या दिवशी.

श्यामला: पहिल्यांदा माहीत नव्हतं. मान्य. त्यानंतर मी दर महिन्याला सांगत होते. त्यानंतर काय म्हणालात?

दीनानाथ: म्हातारीचं डोकं फिरलंय.

श्यामला: चहा ढवळता ढवळता म्हणालात. वर म्हणालात, अशा बायका प्रत्येक गायकामागे असतात. बाईची अब्रू घालवायला किती वेळ लागतो तुम्हाला? साखर विरघळेपर्यंत!

कस्तुरी: बाबा, मला समजत नाही. अंकल फर्गस स्वतः रेडिओवर सांगायला तयार होता. इट वॉज हिज डिसिजन. तुम्ही एडिटर होता. तुम्ही कापला कसा?

दीनानाथ: तुला सांगतो कसं चालायचं ते. तो शुक्रवारी रेकॉर्ड करायचा. शनिवारी मी बसून साफ करायचो. रविवारी अकराला प्रोग्रॅम लागायचा तेव्हा तो चर्चमध्ये असायचा, अकराच्या प्रार्थनेला. बावीस वर्षांत त्यानं स्वतःचा प्रोग्रॅम एकदाही ऐकला नाही. म्हणायचा, दिनी, स्वतःचा आवाज ऐकणारा माणूस वेडा होतो. तू आहेस ना ऐकायला.

श्यामला: तू आहेस ना ऐकायला. काय विश्वास!

दीनानाथ: त्या शुक्रवारी तो हे बोलला आणि हसला. म्हणाला, पस्तीस वर्षांनी आज झोप लागेल. शनिवारी मी एकटा बसलो. दहा वेळा ऐकलं. म्हणून पाठ आहे. मला वाटलं, ह्याचं सगळं आयुष्य ह्या एका गाण्यावर उभं आहे. आयर्लंडमधल्या लिट्रिममधून आला, रस्ते खणले, शनिवारी हॉलमध्ये गायचा. त्या गाण्यानं त्याला नाव मिळालं, त्या नावानं रेडिओ मिळाला. लग्नात, मयताला, आयरिश लोक तेच गाणं म्हणतात. शंभर सेकंदांत तो सगळं मोडून टाकणार. मित्र म्हणून मला...

श्यामला: मित्र म्हणून! थापा मारू नका. मी तुमच्याबरोबर अडतीस वर्षं काढलीत.

दीनानाथ: मग तूच सांग.

श्यामला: मी कशाला सांगू? पाप तुमचं, तोंड माझं का?

दीनानाथ: स्टेशनचा नवा मॅनेजर कारणच शोधत होता. आयरिश प्रोग्रॅम जुना झाला, ऐकणारे मरत चालले, असं मीटिंगमध्ये म्हणायचा. हे बाहेर आलं असतं तर त्यानं त्याच आठवड्यात बंद केला असता.

श्यामला: आणि बंद झाला असता तर?

दीनानाथ: तर फर्गसचं...

श्यामला: फर्गसचं नाही. तुमचं.

दीनानाथ: बरं. माझं. ऐकायचंय ना? ब्रेकच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मी एक कार्ड होतो. आत जाताना ठोकायचं, बाहेर पडताना ठोकायचं. फोरमनला माझं नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, त्यानं प्रयत्नही केला नाही. आपल्या लोकांत मंडळाच्या गणपतीला माईक लावणारा दीनानाथ. लावला की बाजूला हो. आणि त्या आयरिश क्लबात मी दार उघडलं की शंभर माणसं ओरडायची, दिनी आला! फर्गस प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी माझं नाव घ्यायचा. काचेपलीकडे दिनी आहे, तो नसता तर तुम्हाला माझी नुसती धाप ऐकू आली असती. दर रविवारी, आख्ख्या बर्मिंगहॅमला. प्रोग्रॅम गेला असता तर मी परत कार्ड.

श्यामला: आता बोललात. म्हणजे एका बाईचं गाणं दोनदा चोरीला गेलं. एकदा नावासाठी, एकदा हाकेसाठी.

कस्तुरी: आई, थोडं...

श्यामला: थोडं काय? थोडं हळू? घरात कोणी झोपलं नाहीये.

कस्तुरी: नाही. आय मीन, अजून एक गोष्ट आहे. मी वेव्हफॉर्म बघतेय, आवाजाचा ग्राफ. ब्रॉडकास्ट कॉपीमध्ये बाबांनी नुसतं शेवट नाही कापलं. सुरुवात पण. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं" हे पण गेलं. मग उरलं काय माहितीये? "आता ते गाणं. हाफ-पेन्टेड गेट. हे गाणं मी नाइन्टीन सिक्स्टी-नाइनमध्ये लिहिलं." दॅट्स इट. मग म्युझिक.

श्यामला: म्हणजे तो कबुली देत होता, आणि तुम्ही त्याच्याच तोंडून खोटं वदवलंत?

दीनानाथ: जोड कळू नये म्हणून. वाक्य अर्धं राहिलं असतं. तिथे श्वास चांगला जुळत होता.

श्यामला: श्वास जुळत होता म्हणे! कधी लागला हा प्रोग्रॅम?

कस्तुरी: डिस्कवर तारीख आहे. थर्टी-फर्स्ट ऑक्टोबर, टू थाउजंड फोर.

श्यामला: ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. घड्याळं मागे गेली तो?

कस्तुरी: हो, असेल.

श्यामला: माझी आदल्या रात्रीपासूनची ड्यूटी होती. एक तास जास्त भरला होता. सकाळी ब्रायडीला आंघोळ घातली तर म्हणाली, शॅमी, तो लाल कार्डिगन दे, आज रेडिओ ऐकायचाय. तिला आदल्या आठवड्यात एक कार्ड आलं होतं. चष्मा सापडेना म्हणून मीच वाचून दाखवलं. "रविवारी ऐक. फ." एवढंच. मला वाटलं, भाचा वगैरे असेल. अहो, मी वाचून दाखवलं ते कार्ड!

दीनानाथ: कार्ड? त्यानं तिला कार्ड पाठवलं होतं?

श्यामला: नव्हतं माहीत?

दीनानाथ: नव्हतं. खरंच नव्हतं.

श्यामला: मी अजून निघाले नव्हते, बदलीची पोरगी उशीर करत होती म्हणून. अकरा वाजता ब्रायडी रेडिओपाशी खुर्ची ओढून बसली. लाल कार्डिगन, केस विंचरलेले. जणू तिला बघायला येणार होते. आणि तुमचा तो जुळवलेला श्वास आला. हे गाणं मी लिहिलं. तिनं चहाचा कप रेडिओवर फेकून मारला. नंतर बशी. माझ्याबरोबरची मार्गारेट मधे आली, तिच्या कपाळाला लागली. ब्रायडी ओरडत होती, तो सांगणार होता, त्यानं मला सांगितलं होतं तो सांगणार आहे. आम्ही दोघींनी तिला धरलं. मी धरलं, ह्या हातांनी.

कस्तुरी: आई, तुला कसं माहीत असणार...

श्यामला: माहीत नव्हतं म्हणून काय लिहिलं ते ऐक. केअर नोट्समध्ये मी लिहिलं, "गोंधळलेली. प्रसिद्ध गाणं आपण लिहिलं असा हट्टी समज. ते गाणं लागलं की हिंसक." खाली सही. डॉक्टरनं माझी नोंद वाचली आणि गोळ्या वाढवल्या. महिन्याभरात तिला वरच्या मजल्यावर हलवलं. तिथे दाराला नंबरचं कुलूप असतं, कस्तुरी. आकडे दाबल्याशिवाय बागेतसुद्धा जाता येत नाही. आणि नोटिशीच्या फळ्यावर अजून माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, रविवारी अकरा ते बारा वरचा रेडिओ बंद ठेवणे. दोन वर्षं तो बंद आहे. माझ्या अक्षरात.

दीनानाथ: तू खरं समजून लिहिलंस.

श्यामला: खरं समजून नाही. तुम्हाला विचारून लिहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं, अहो, फर्गसला तुम्ही रोज भेटता, ह्या बाईचं काही खरं असेल का? कप फुटला होता, माझं बोट कापलं होतं, तुम्ही पट्टी लावून दिलीत. पट्टी लावता लावता म्हणालात, अगं डिमेन्शिया आहे, लिहून ठेव, नाहीतर तुझ्यावर येईल. मी परत ड्यूटीवर गेले आणि तसं लिहिलं.

कस्तुरी: बाबा?

दीनानाथ: म्हणालो होतो.

कस्तुरी: म्हणजे आदल्या दिवशी तुम्ही कापला, आणि दुसऱ्या दिवशी आईला हे सांगितलं. नोइंग एव्हरीथिंग.

दीनानाथ: हो. अजून एक आहे.

श्यामला: अजून?

दीनानाथ: ऐकून घे. परत माझ्यानं सांगवणार नाही. सोमवारी फर्गस भेटला. म्हणाला, दिनी, चर्चबाहेर कुणी काही बोललं नाही. एकानंही तोंड फिरवलं नाही. माणसं चांगली आहेत रे, मी उगाच पस्तीस वर्षं घाबरलो. मग म्हणाला, तुझी बायको तिच्या होममध्ये आहे ना? ब्रायडीनं ऐकलं का?

श्यामला: तुम्ही काय सांगितलंत?

दीनानाथ: सांगितलं, ऐकलं. श्यामला सांगत होती, रडली, हसली, तुला माफ केलं म्हणाली.

श्यामला: माझं नाव घेऊन?

दीनानाथ: तुझं नाव घेऊन. तो म्हणाला, मग मी जाऊन भेटतो तिला, फुलं घेऊन. मी म्हटलं, नको, तिची तब्येत नाजूक आहे, परत उकरून काढू नको. तो तुझ्यावर विश्वास ठेवून गेला नाही.

श्यामला: दोन वर्षं तो माणूस ह्या घरी येत होता. माझ्या हातची थालीपीठं खायचा. प्रत्येक वेळी जाताना माझा हात धरून म्हणायचा, गॉड ब्लेस यू, शॅमी, यू नो व्हाय. मला वाटायचं, थालीपीठासाठी.

कस्तुरी: बाबा, ही डिस्क शेडमध्ये बिस्किटाच्या डब्यात सगळ्यात खाली होती. बाकी सगळ्यांवर लेबल आहे. ह्यावर नाहीये. तुम्हाला फक्त गाणं पाहिजे होतं तर ते सीडीवर होतं. मला हा डबा का दिला?

श्यामला: कळलं नाही तुला? स्वतः सांगायची छाती नव्हती. पोरीच्या हातात बॉम्ब दिला आणि म्हणाले, बघ हं, जपून.

दीनानाथ: बरोबर बोलतेस.

श्यामला: बरोबर बोलतेस म्हणून सुटायचं नाही! उद्या काय जाणार आहे रेडिओवर?

दीनानाथ: अकराला स्मरणाचा प्रोग्रॅम. त्याची सात गाणी, लोकांचे निरोप, त्याच्या गावच्या पाद्र्याचे चार शब्द. शेवटी फाटकाचं गाणं. त्याआधी...

कस्तुरी: त्याआधी बाबांची ट्रिब्यूट. बाबांच्या आवाजात. फर्स्ट टाइम ऑन एअर. मी सगळ्या ऑफिसला सांगितलंय. विहानला पण सांगितलं, आजोबा रेडिओवर येणार. खूप छान झालंय ते, आई.

श्यामला: किती मिनिटांचं आहे?

कस्तुरी: एक पन्नास.

श्यामला: आणि फर्गसचं कापलेलं?

कस्तुरी: एक चाळीस. ओह.

दीनानाथ: मला कळतंय तू काय म्हणतेस. पण त्याची पोरगी आहे. नोरा. बापाला पुरून चार दिवस झाले नाहीत. तिनं रेडिओवर हे ऐकायचं?

श्यामला: तिच्या बापानं स्वतः सांगितलंय. तुमच्यासारखं डब्यात नाही घातलं. पण तिला आधी कळायला हवं, हे खरं. फोन करा. आत्ता. बाहेर उभं राहून केलात तरी चालेल, पण करा.

(दीनानाथ फोन घेऊन मागच्या बागेत जातात.)

कस्तुरी: आई, तू बाबांना सोडणार तर नाही ना?

श्यामला: वेडी आहेस का? ह्या वयात कुठे जाऊ, ब्रॅकनेलला? तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या भिंतींच्या घरात?

कस्तुरी: मी सिरियसली विचारते.

श्यामला: मीही. राग मला त्यांचा आहेच. पण त्या फळ्यावर माझं अक्षर आहे. त्यांनी आवाज कापला, मी दार लावलं. मला कुणी सांगितलं म्हणून लावलं, हे ब्रायडीला सांगून काय उपयोग? ती हिरवं फाटक म्हणत होती. खोटं बोलणारा माणूस रंग कशाला बदलेल? जगाला निळं माहीत आहे, खोटं बोलायचं तर निळंच म्हणेल ना! एवढं मला चार वर्षांत सुचलं नाही. म्हातारी आहे, बाई आहे, गरीब आहे, म्हणून सुचलं नाही.

कस्तुरी: बाबा येतायत. खूप स्लो चालतायत.

श्यामला: काय म्हणाली नोरा?

दीनानाथ: म्हणाली, शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये बाबा सारखे म्हणत होते, मी रेडिओवर सांगून टाकलंय, आता माझ्यावर काही नाही. तिनं विचारलं, काय सांगितलंत? तर म्हणायचे, फाटक हिरवं होतं. तिला वाटलं, तापात बडबडतायत. तिनं नर्सला सांगितलं, ही इज कन्फ्यूज्ड.

कस्तुरी: ओ गॉड.

दीनानाथ: म्हणाली, लावा. पूर्ण लावा. आणि मला म्हणाली... जाऊ दे.

श्यामला: जाऊ दे नाही. काय म्हणाली?

दीनानाथ: म्हणाली, दिनी, तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे मित्र होता, म्हणून तुम्हाला शिव्या देता येत नाहीत. आणि फोन ठेवला.

कस्तुरी: बाबा, मग... तुमची ट्रिब्यूट?

दीनानाथ: काढ.

कस्तुरी: आपण एखादं गाणं छोटं करू शकतो. फेड आउट करून. दोन्ही बसेल.

दीनानाथ: काढ म्हणतो ना. त्यात मी म्हटलंय, फर्गसनं मला आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं. हे उद्या माझ्याच आवाजात जायचं होतं.

कस्तुरी: ओके. काढलं. आता पीस टाकते. बाबा, ह्यात "पण" नंतर अंकल फर्गस गप्प आहे. नऊ सेकंद. रेडिओवर नऊ सेकंद खूप होतं. लोकांना वाटेल बंद पडलं. हे टाइट करू?

दीनानाथ: नको. पस्तीस वर्षांनी तो तिथे थांबलाय. थांबू दे.

श्यामला: उद्या माझी सुट्टी आहे. मी साडेनऊलाच जाते. आधी त्या फळ्यावरचं माझं अक्षर पुसते. मग ब्रायडीला सगळं सांगते, माझ्या नोंदीसकट. तिला रेडिओवरून कळायला नको. आणि सोमवारी डॉक्टरला लेखी देते, माझी नोंद चुकीची होती. नोकरी गेली तर गेली, बासष्टची झाले मी.

दीनानाथ: मी येऊ का तुझ्याबरोबर?

श्यामला: नाही.

दीनानाथ: मला तिची माफी मागायची आहे, श्यामला. समोर बसून.

श्यामला: तुम्हाला मागायची आहे, पण तिला ऐकायची आहे का, ते आधी विचारू दे. उद्याचा तास तिचा आहे. लाल कार्डिगन असेल अजून, शोधते.

दीनानाथ: आणि ती भेटायला नाही म्हणाली तर?

श्यामला: तर ती जे काय म्हणेल, ते मी घरी येऊन तुम्हाला सांगेन. शब्द न् शब्द. मधलं काही न कापता.